अकरा महिन्यांचा नोटरी, दादरचा गाळा आणि एक पोटमाळा

दोन्ही पक्षांच्या संमतीने हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी मालकीणबाईंची वकील होते, तेव्हा माझी बाजू कुठली ते आधीच सांगितलेलं बरं.

पार्श्वभूमी

गाळा दादर पश्चिमेचा, तळमजल्यावरचा. चटई क्षेत्र 260 चौरस फूट. उंची भरपूर, म्हणून मागच्या भागावर लोखंडी अँगल आणि फळ्या टाकून 110 चौरस फुटांचा पोटमाळा केलेला. बाई निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या आसपासच्या. त्यांच्या यजमानांचं तिथे वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. माळाही त्यांनीच करून घेतला होता. ते गेले आणि वर्षभर शटर बंद राहिलं. मग लालबागचं एक जोडपं साड्यांच्या दुकानासाठी जागा शोधत आलं. माणसं सरळ वाटली, व्यवहार ठरला. महिना 1,00,000 रुपये, डिपॉझिट 6,00,000.

लिव्ह अँड लायसन्सचा (जागा वापरायची नुसती परवानगी, भाडेकरूचा हक्क नाही) करार एजंटने केला. 500 रुपयांचा स्टँप, अकरा महिने, नोटरी. त्याचं वाक्य बाईंना अजून पाठ आहे: "काकू, रजिस्टर केलं की माणूस पक्का होतो. नोटरी करून टाकू, डोक्याला ताप नाही."

हे वाक्य मुंबईत इतक्या मालकांनी ऐकलेलं आहे की त्याचं मूळ सांगायला हवं. 1947 च्या मुंबई भाडे कायद्यात 1973 साली दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू लायसन्सवर ताब्यात असलेल्या लोकांना कायद्याने भाडेकरू मानलं. विश्वासाने दिलेल्या जागा कायमच्या गेल्या अशी आठवण अनेक घरांत आहे. बाईंच्या सासऱ्यांच्या गिरगावातल्या दोन खोल्या तशाच गेल्या. तेव्हापासून कागद जितका कच्चा तितकी जागा सुरक्षित, ही समजूत घराघरांत रुजली.

आजचा कायदा नेमका उलटा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 (अंमल 31 मार्च 2000 पासून) याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स असो वा भाडेकरार, तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ही जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठा फटका पुढे आहे: नोंदणी नसेल तर अटी-शर्तींबद्दल जागा वापरणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. अकरा महिन्यांची पळवाट केंद्राच्या नोंदणी कायद्यातून आली. तिथे एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात कलम 55 मुळे ती पळवाट उरलेलीच नाही.

यात बाईंचे वाचले किती? अकरा महिन्यांचे 11,00,000, त्यात डिपॉझिटवर सालाना 10 टक्के दराने धरलेलं 55,000 व्याज, आणि या बेरजेवर 0.25 टक्के. म्हणजे शंभरात पूर्ण करून 2,900 रुपये मुद्रांक, त्यातले 500 भरलेले होतेच. नोंदणी फी 1,000. एकूण 3,400 रुपये.

अडचण

अकरा महिने संपले. नवा कागद कोणी केला नाही. तोंडी ठरलं 1,05,000, आणि पैसे वेळेवर येत राहिले.

ऑगस्टमध्ये पालिकेची नोटीस आली. मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं कलम 351, विनापरवाना बांधकाम, सात दिवसांत खुलासा. विषय पोटमाळा. दुकानदार नोटीस घेऊन बाईंच्या घरी गेला. बाई म्हणाल्या, "दुकान तुम्ही वापरता, तुम्हीच बघा." माझ्या मते सगळं तिथे बिघडलं. माळा त्याने बांधला नव्हता. त्याच्या निम्म्या साड्या मात्र त्याच माळ्यावर होत्या, तोंडावर सणासुदीचे दिवस होते, आणि ज्यांच्या शब्दावर जागा घेतली त्यांनी हात झटकले.

सप्टेंबरपासून पैसे बंद झाले. ऑक्टोबरमध्ये बाईंच्या फोनवर लांबलचक मेसेज आला. आपण लायसन्सी नसून भाडेकरू आहोत, माळा बेकायदा असल्याने सुरुवातीपासूनची 30 टक्के रक्कम परत द्या (370 चौरस फुटांतले 110), आणि तोवर एक पैसाही मिळणार नाही, असं त्यात होतं. बाई नोव्हेंबरात माझ्याकडे आल्या तेव्हा थकबाकी 3,15,000 झाली होती. पेन्शनवर भागत होतं, पण या पैशांतून त्या बहिणीचं डायलिसिस करत होत्या.

कागद काय सांगत होते

पहिल्या भेटीत मी बाईंना घरातला प्रत्येक कागद आणायला सांगितला. त्यांनी एक पावती पुस्तक आणलं. कार्बन लावून काढलेल्या पावत्या, शाळेच्या फळ्यावर असतं तसं सुवाच्य अक्षर, आणि प्रत्येक पावतीवर "दुकानाचे भाडे मिळाले". बँकेच्या उताऱ्यातही त्याच्या बाजूने दर महिन्याला "शॉप भाडे". एकाही ठिकाणी लायसन्स फी हा शब्द नाही.

घाबरण्यासारखं होतं, पण प्रकरण संपण्याइतकं नव्हतं. कागदावर शब्द कोणता लिहिला यावर लायसन्स की भाडेपट्टा हे ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात कसोटी घालून दिली: पक्षांचा हेतू काय होता, आणि जागेचा एकट्याचा, स्वतंत्र ताबा दिला होता का. तो दिला असेल तर कल भाडेपट्ट्याकडे. आणि भाडेकरू ठरला की 1999 च्या भाडे अधिनियमातल्या कलम 15 आणि 16 चं संरक्षण. ठरलेल्या कारणांशिवाय जागा खाली होत नाही, आणि ती कारणं सिद्ध करण्यात वर्षं जातात.

मग मी बाईंना विचारलं, गाळ्यात तुमचं काही आहे का? त्या थोड्या संकोचल्या. माळ्याच्या कोपऱ्यात यजमानांची पत्र्याची ट्रंक होती, जुन्या खातेवह्यांनी भरलेली. टाकवत नव्हती म्हणून ठेवली होती. पर्समधून त्यांनी लाल दोऱ्यात ओवलेल्या दोन किल्ल्या काढल्या, शटरच्या दोन्ही बाजूंच्या कुलपांच्या. "या माझ्याकडेच असतात. तो गणपतीत गावी गेला की मीच बघते."

त्यांचा फोन मागून घेतला. मागच्या वर्षीचा त्याचा मेसेज सापडला: "काकू, किल्ली तुमच्याकडे आहेच, टाकीचं पाणी गाळ्यात येतंय असं वॉचमन म्हणतो, जरा उघडून बघाल का?" खाली बाईंचं उत्तर: "बघून आले. दोन गठ्ठे वर उचलून ठेवले. काळजी नको."

स्वतंत्र ताबा दिलेला नव्हता याचा याहून चांगला पुरावा मी मागूनही मिळाला नसता. ज्या माळ्याने बाईंना अडचणीत आणलं, त्याच माळ्यावरच्या ट्रंकेने त्यांना आधार दिला. त्याच संध्याकाळी मेसेजच्या प्रती काढल्या आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणाऱ्या, प्रमाणपत्राची तयारी केली. फोन बदलू नका, काही पुसू नका, हे तीनदा सांगितलं.

कोणते मार्ग होते

बाईंच्या भाच्याने आधीच एक मार्ग काढून ठेवला होता: रात्री जाऊन आपलं कुलूप लावायचं. किल्ल्या होत्याच. याला मी ठाम नकार दिला. विशिष्ट अनुतोष अधिनियम 1963 च्या कलम 6 प्रमाणे कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतलेला माणूस सहा महिन्यांत दावा करून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा मुद्दा येतच नाही. आत लाखोंच्या साड्या. एक गठ्ठा गहाळ झाल्याची तक्रार झाली असती तर सत्तरीतल्या बाईंना पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. वीज तोडण्याचं नावही काढू नका म्हटलं. त्याने भाडेकरू असल्याचा दावा केलाच होता, आणि भाडेकरूची अत्यावश्यक सेवा तोडायला भाडे अधिनियमाच्या कलम 29 ची मनाई आहे.

दुसरा मार्ग बाईंना शेजाऱ्यांनी सुचवला होता, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. शेजाऱ्यांचा फ्लॅट तसाच लवकर सुटला होता. पण भाडे अधिनियमाच्या कलम 24 ची ती जलद वाट फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. दुकानाला, कार्यालयाला, गोदामाला नाही. मुदतीनंतर दुप्पट नुकसानभरपाई हीसुद्धा त्याच कलमातली. व्यापारी जागेत ती हवी असेल तर करारात स्वतः लिहून घ्यावी लागते.

करारात लवादाचंही (वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचाकडे नेण्याचं) कलम होतं, एजंटच्या तयार नमुन्यातून आलेलं. मुंबईत लायसन्स देणारा आणि घेणारा यांच्यातला ताब्याचा आणि फीचा वाद, रक्कम कितीही असो, लघुवाद न्यायालयातच चालतो. प्रेसिडेन्सी स्मॉल कॉज कोर्ट्स अ‍ॅक्ट 1882 चं कलम 41 तसं सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये नटराज स्टुडिओच्या खटल्यात असा वाद लवादाकडे पाठवायला नकार दिला होता. तो रस्ता मी सोडला.

उरले दोन मार्ग: धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात कलम 41 चा दावा, किंवा तडजोड. दाव्यात अजून एक निर्णय होता. "भाडेकरू असेल तर तसंही बाहेर काढा" अशी दुहेरी मांडणी करायची का? मी केली नाही. आपल्याच दाव्यात भाडेकरू हा शब्द लिहून समोरच्याला हात कशाला द्यायचा?

काय केलं

माझी पहिली नोटीस चुकली. परवानगी रद्द, 3,15,000 भरा, पंधरा दिवसांत गाळा खाली करा असं कडक लिहिलं, आणि माळ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. वाटलं, आपल्या कमजोर जागेचा उल्लेख आपणच का करायचा. उत्तर तितकंच कडक आलं, आणि त्यात सगळा भर माळ्यावर होता. बोलणी पूर्ण थांबली.

मग मी स्वतः गाळ्यावर गेले. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. दुकानदाराच्या बायकोने शिडीवर चढून माळा दाखवला. एका फळीखालचा अँगल गंजून वाकला होता आणि त्यांनी त्याला लाकडी ओंडक्याचा टेकू दिला होता. "ताई, आम्ही इथे रोज चढतो," ती एवढंच म्हणाली. मला त्या दिवशी कळलं की त्याचं सगळं म्हणणं खोटं नाही. भाडेकरू असल्याचा दावा त्याने वकिलाच्या सांगण्यावरून दबावासाठी केला होता. माळ्याचं दुखणं मात्र खरं होतं.

बाहेर येऊन बाईंना फोन केला. म्हटलं, माळा आपण काढू, आपल्या खर्चाने, आणि आत्ताच. त्यांना ते पटायला दोन दिवस लागले. यजमानांनी हौसेने केलेला माळा होता. वास्तुविशारदाला विचारलं, नियमित करून घेता येईल का? मंजूर नकाशात तो नव्हता आणि त्या बांधणीत बसणारही नव्हता. नोव्हेंबरअखेर माळा उतरवला. खर्च 38,000. पालिकेला तसं पत्र दिलं, फोटो जोडले. ट्रंक काढताना मात्र आधी दोन्ही पक्षांसमोर यादी केली, फोटो काढले आणि दुकानदाराची सही घेतली. हा कागद पुढे फार कामाला आला. गाळ्यात मालकिणीचं सामान होतं हे त्याच्याच सहीने नोंदलं गेलं.

डिसेंबरात त्याने 70,000 पाठवले. घ्यायचे की नाही? परवानगी रद्द केल्यानंतर पैसे गुपचूप घेतले तर रद्द करणं आपणच सोडून दिलं असा अर्थ काढता येतो. परत पाठवले तर बाईंची निकड भागत नाही. आम्ही घेतले, पण त्याच दिवशी पत्र दिलं की ही रक्कम हक्क अबाधित ठेवून, जागा वापरल्याच्या भरपाईपोटी स्वीकारली आहे. पावती पुस्तक मी माझ्या कपाटात ठेवून दिलं.

जानेवारीत दावा लावला. सोबत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या मुंबई दुरुस्तीतला आदेश 15-अ खालचा अर्ज: थकलेली आणि पुढची रक्कम कोर्टात भरावी, न भरल्यास बचाव काढून टाकावा. तो अर्ज आणि ट्रंकेची सही केलेली यादी पाहिल्यावर समोरच्या वकिलांचा फोन आला. माझा अनुभव असा आहे की ताबा कधी मिळेल या प्रश्नापेक्षा दरमहा पैसे भरावे लागतील का या प्रश्नावर माणसं लवकर जागी होतात.

निष्पत्ती

मार्चमध्ये संमती अटी, म्हणजे दोघांनी मान्य केलेली तडजोड, कोर्टात दाखल झाल्या. दुकानदाराने आपण लायसन्सी असल्याचं आणि भाडेकरूपणाचा कोणताही हक्क नसल्याचं मान्य केलं. माळा वापरात होता तोवरचा, म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबरचा, पूर्ण दर. त्याचे 3,15,000 डिपॉझिटमधून वळते. माळा काढल्यानंतरचा दर 80,000. डिसेंबर ते मार्चचे 3,20,000, त्यातले डिसेंबरचे 70,000 वजा जाता 2,50,000 सहीच्या दिवशी, पुढे दर महिन्याला. लग्नसराईसाठी 31 मेपर्यंत मुदत. त्यानंतर राहिल्यास रोजचे 5,000. डिपॉझिटचे उरलेले 2,85,000 किल्ल्या मिळतील त्याच क्षणी.

हा शेवटचा मुद्दा मी हट्टाने घातला. डिपॉझिट नंतर आणि किल्ली आधी, की किल्ली नंतर आणि डिपॉझिट आधी, यावरून किती सुटलेली प्रकरणं पुन्हा अडकतात ते मी पाहिलं आहे. मालक किल्ली घेत नाही आणि फी चढत राहते, किंवा दुकानदार एक जुनं कपाट आत ठेवून ताबा आपलाच म्हणतो.

31 मेला दुपारी चारला आम्ही गाळ्यात जमलो. वीज मीटरचा आकडा लिहिला, रिकाम्या भिंतींचे फोटो काढले, ताबा पावतीवर सह्या झाल्या. त्याने चार किल्ल्या कट्ट्यावर ठेवल्या. बाईंनी डिमांड ड्राफ्ट पुढे केला. त्याच्या बायकोने निघताना बाईंना वाकून नमस्कार केला, आणि बाईंना बोलता आलं नाही.

बाईंचं नुकसान झालंच. सहा महिन्यांचा दरातला फरक 1,50,000, माळ्याचे 38,000, कोर्टाचा आणि वकिलाचा खर्च वेगळा. दुकानदारालाही ऐन लग्नसराईनंतर नवी जागा शोधावी लागली, आणि ती त्याला आणखी आत, गल्लीत मिळाली.

काय वेगळं करता आलं असतं

बाईंनी ऑगस्टमध्येच नोटीस हातात घेऊन "मी बघते" म्हटलं असतं तर बहुधा हे प्रकरण माझ्यापर्यंत आलंच नसतं. जागेचं बांधकाम कायदेशीर असणं ही देणाऱ्याची जबाबदारी आहे, करारात लिहिलेलं असो वा नसो, व्यवहारात ती तिथेच येऊन थांबते.

दुकानदाराने सगळे पैसे बंद केले ही त्याची मोठी चूक. माळ्यापुरती रक्कम वजा करून बाकीची हक्क राखून दर महिन्याला भरत राहिला असता तर कोर्टात तो रास्त वागणारा माणूस दिसला असता आणि माझा आदेश 15-अ चा अर्ज लंगडा पडला असता. भाडेकरूपणाचा दावाही त्याला महाग पडला. त्या एका शब्दामुळे बाईंनी त्याच्याशी नवा करार करायला कायमचा नकार दिला. नाहीतर त्या कमी दराने त्यालाच ठेवणार होत्या. जागा घेताना त्याने मंजूर नकाशा मागितला असता तर माळा त्यात नाही हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

आणि मी? मी आधी गाळा पाहायला हवा होता, नोटीस नंतर लिहायला हवी होती. तीन आठवडे वाया गेले आणि त्या काळात दोन्हीकडची मनं आणखी कडू झाली.

जुलैत तिथे चष्म्याचं दुकान आलं. नवा करार 36 महिन्यांचा, महिना 90,000, दरवर्षी 5 टक्के वाढ, डिपॉझिट 5,40,000. मुद्रांक 9,000, नोंदणी फी 1,000, दोघांनी अर्धे अर्धे भरले. नवा दुकानदार जीएसटी नोंदणीकृत आहे आणि बाई नाहीत, म्हणून 10 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमाप्रमाणे फीवरचा 18 टक्के कर रिव्हर्स चार्जने तोच भरेल, हेही लिहिलं. मुदतीनंतर राहिल्यास दिवसाची भरपाई, पालिकेची नोटीस आल्यास कोणी काय करायचं, मालकिणीला तपासणीसाठी किल्ली, सगळ्याला वेगवेगळी कलमं. दस्ताला मंजूर नकाशाची प्रत जोडली आणि तिच्यावर दोघांच्या सह्या घेतल्या. परिशिष्टात लिहिलं आहे: क्षेत्र 260 चौरस फूट, पोटमाळा नाही. बाईंनी तो मसुदा लाल पेन घेऊन वाचला आणि शुद्धलेखनाच्या सात चुका काढून परत पाठवला. दुय्यम निबंधकाकडे जाण्याआधी त्या सातही मी दुरुस्त केल्या.